ॲस्पिरिन : हानी रोख, लाभ उधार

जठराच्या अस्तराला जखम करणारे औषध जठराच्या कर्करोगालाही आळा घालीत असावे, हे विधान प्रथमदर्शनी इतके विसंगत वाटते की, ते ऐकणारा सामान्य माणूस एक तर वैद्यकशास्त्रावरचा विश्वास गमावतो, किंवा त्यातला सोयीचा तेवढा भाग उचलून औषधाच्या दुकानाची वाट धरतो. आपल्याकडे हे दोन्ही प्रकार बिनदिक्कत चालू आहेत. ‘या गोळीने पोटात अल्सर होतो आणि अल्सरचा पुढे कॅन्सर होतो’ अशा ऐकीव माहितीवर हवाला ठेवून कोणी हृदयरोगाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी परस्पर बंद करतो; तर कोणी कुठल्याशा बातमीचा मथळा वाचून, कॅन्सर होऊ नये म्हणून, तीच गोळी आपल्या मनाने सुरू करतो. या दोघांच्याही हिशेबात काळाची रक्कमच मांडलेली नसते. ॲस्पिरिनची हानी रोखीची आहे आणि तिचा लाभ, असलाच तर, फार लांब मुदतीचा आहे.

1899 साली जर्मनीतील बायर कंपनीने ॲस्पिरिन हे नाव देऊन बाजारात आणलेले हे द्रव्य सत्तरांहून अधिक वर्षे जगाच्या डोकेदुखीवर अंमल गाजवीत होते. परंतु ते शरीरात नेमके काय करते, याचा उलगडा जॉन व्हेन यांनी लंडनमध्ये 1971 साली केला, आणि त्याबद्दल 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनवणारे एक विकर आपल्या पेशींत असते. ॲस्पिरिन ते निकामी करते. ही द्रव्ये वेदना आणि सूज वाढवतात हे खरे, परंतु जठरातील तीव्र आम्लापासून जठराच्याच अस्तराचे रक्षण करणारा बुळबुळीत श्लेष्म्याचा थर टिकवून धरण्याचे कामही त्यांच्याकडेच असते. तो थर विरळ झाला की आम्ल अस्तराला भिडते, आणि त्याच वेळी रक्तातील प्लेटलेट्सही, त्यांच्यातील तेच विकर कायमचे बंद पडल्यामुळे, त्यांच्या उरलेल्या आठदहा दिवसांच्या हयातीत रक्त थांबवण्याच्या कामी पूर्वीइतक्या उपयोगी राहत नाहीत. जखम आणि तिच्यातून न थांबणारे रक्त अशी ही दुहेरी आपत्ती होय. आतड्यात विरघळणाऱ्या वेष्टनाची गोळी घेतली म्हणजे पोट सुरक्षित राहते, ही समजूतही फारशी टिकणारी नाही, कारण गोळी कोठेही विरघळली तरी तिचा परिणाम रक्तामार्फत जठरापर्यंत पोहोचतोच.

कर्करोगाची वाटचाल मात्र निराळी आणि अतिशय मंद असते. जठराला दीर्घकाळ सूज राहणे, मग अस्तर झिजणे, मग त्या जागी आतड्यासारख्या पेशी दिसू लागणे, आणि कित्येक वर्षांनी त्यांपैकी काहींनी मर्यादा सोडणे, असा तो क्रम आहे. त्याचा आरंभ बहुतांशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूपासून होतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हा जंतू उजेडात आणला. त्यावर वैद्यकविश्व विश्वास ठेवीना तेव्हा मार्शल यांनी 1984 साली जंतूंचे मिश्रण स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. (वादात प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याची ही रीत अनुकरणीय आहे असे कोणी म्हणणार नाही, पण 2005 साली नोबेल पारितोषिक मात्र दोघांना मिळाले.) आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1994 सालीच या जंतूची गणना निश्चित कर्ककारकांत केली. ॲस्पिरिनने पडणारा व्रण हा साधारणतः या क्रमातील टप्पा नव्हे. म्हणून ‘अल्सरचा कॅन्सर होतो’ या भीतीला या गोळीपुरता तरी भक्कम आधार नाही.

उलट दिशेचा पुरावा ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल यांनी 2011 साली पुढे ठेवला. हृदयविकार व तत्सम रोगांसाठी पूर्वी झालेल्या आठ चाचण्यांतील पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांची दफ्तरे त्यांनी पुन्हा उघडली, तेव्हा रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांत कर्करोगाने होणारे मृत्यू कमी आढळले. परंतु ज्या मुद्द्याकडे मथळे लिहिणाऱ्यांचे सपशेल दुर्लक्ष झाले तो असा की, अन्ननलिकेच्या कर्करोगात हा फरक दिसू लागण्यास सुमारे पाच वर्षे लागली आणि जठराच्या बाबतीत त्याहूनही अधिक. पुढे 2018 साली ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील बहुतेक सत्तरीपुढच्या 19,114 निरोगी माणसांवरील ‘ॲस्प्री’ या चाचणीचे निष्कर्ष आले. रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुमारे पावणेपाच वर्षे घेतल्यावर त्यांच्यात गंभीर रक्तस्राव दर हजारी दरसाल 6.2 वरून 8.6 वर गेला, आणि कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होण्याऐवजी 2.3 टक्क्यांवरून 3.1 टक्क्यांवर गेले. हे दोन निष्कर्ष परस्परांना खोडून काढतात असे मला वाटत नाही. वय निराळे, मुदत निराळी, माणसे निराळी. मात्र सत्तरीच्या गृहस्थाने आज नव्याने गोळी सुरू करून दहा वर्षांनंतरच्या लाभाची वाट पाहावी, ही मसलत या आकड्यांनंतर कोणी देऊ नये. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने 2016 साली पन्नाशीतील निवडक लोकांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा विचार करून केलेली शिफारस 2022 साली काढून घेतली, त्यामागेही हाच विवेक होता.

शिवाय मूळ धोकाच लहान असेल तेथे बचतही लहानच असणार. भारतात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मिझोरममध्ये फार मोठे आहे. तेथील तंबाखूचे सेवन आणि धुरावलेले मांस यांचा संबंध त्याच्याशी लावला जातो. त्या मानाने महाराष्ट्रातील प्रमाण पुष्कळ कमी आहे. रक्तस्रावाचा धोका मात्र मराठी माणसाच्या पोटात उतरताना कमी होत नाही.

संध्याकाळी कोणत्याही औषधाच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहावे. ‘रक्त पातळ करायची गोळी द्या, आणि गॅसची पण’ असे म्हणणारा कोणी ना कोणी येतोच. चिठ्ठी असते किंवा नसते. दुकानदार दोन पट्ट्या पाकिटात टाकतो आणि व्यवहार संपतो. गॅसची म्हणून दिलेली आम्लरोधक गोळी ॲस्पिरिनबरोबर घेणे योग्य सल्ल्याने हितकारकच असते, पण सल्ल्यावाचून महिनोन् महिने घेतलेली तीच गोळी जठरातील खऱ्या गाठीची लक्षणे काही काळ झाकून ठेवू शकते. डांबरासारखी काळी शौचास झाली, हिमोग्लोबिन उतरले, की ‘गोळीमुळे असेल’ असा निर्णय घरीच देऊन मोकळे होण्याची रूढी मला या प्रकरणातील सर्वांत घातक गोष्ट वाटते. उतारवयातील माणसाचे रक्त कमी होत असेल, चार घासांत पोट भरत असेल, वजन घटत असेल किंवा गिळताना घास अडकत असेल, तर तो ॲस्पिरिन घेतो की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. त्याची दुर्बिणीतून तपासणी व्हावयास हवी आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास तुकडाही तपासणीस गेला पाहिजे.

ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे, त्यांच्याबाबत मात्र फैसला स्पष्ट आहे. त्यांना गोळीचा लाभ उधारीचा नसून आजचाच आहे, आणि ती परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्ये रक्त गोठून दगा होऊ शकतो. अशांनी पोटाची तक्रार डॉक्टरांपुढे मांडावी, गोळीला परस्पर रजा देऊ नये. कर्करोग होऊन गेलेल्यांना ॲस्पिरिनचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी 2015 साली ब्रिटनमध्ये ‘ॲड-ॲस्पिरिन’ ही चाचणी सुरू झाली. तीत अन्ननलिका व जठर यांचे रुग्णही आहेत, आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचा तीत सहभाग आहे. औषधाची योग्यायोग्यता ठरवण्याचा खरा मार्ग हा असा चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडणारा आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवणारा असतो.

तोवर आपल्या हाती एक इलाज आहे आणि त्याचा पुरेसा वापर होत नाही, ही माझी तक्रार आहे. ज्याला दीर्घकाळ ॲस्पिरिन द्यावयाची, त्याच्या पोटात हेलिकोबॅक्टर आहे की नाही हे श्वासाच्या किंवा शौचाच्या साध्या चाचणीने कळते, आणि असल्यास साधारण दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी तो बहुधा घालवता येतो. जंतू आणि ॲस्पिरिन एकत्र आले की व्रणाचा धोका वाढतो, आणि कर्करोगाचे मूळही तोच जंतू; तेव्हा एकाच उपायाने दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. ब्रिटनमध्ये ॲस्पिरिन घेणाऱ्या पाच हजारांवर वृद्धांवर हा प्रयोग झाला आणि 2022 साली त्याचे फलित प्रसिद्ध झाले. जंतू घालवलेल्या गटात व्रणाच्या रक्तस्रावासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण पहिली अडीच वर्षे पुष्कळ कमी राहिले, पण पुढे तो फरक टिकला नाही. म्हणजे जंतूचा बंदोबस्त केल्यावरही पोटाकडे अधूनमधून पाहावे लागणारच. आणि ज्या देशात हा जंतू प्रौढांच्या मोठ्या संख्येत घर करून आहे, तेथे ही तपासणी गोळीची पहिली चिठ्ठी लिहितानाच व्हावी, अशी अपेक्षा डॉक्टरांकडून ठेवण्याचा रुग्णाला अधिकार आहे.