चेहऱ्याची उधारी

माझ्या पुतण्याने यंदा व्यक्तिचित्रांचा संग्रह सिद्ध करण्याचे मनावर घेतले. छायाचित्रकाराला काम मिळवायचे तर आधी केलेले काम दाखवावे लागते, आणि दाखविण्याजोगे काम व्हायचे तर समोर कोणीतरी बसावे लागते. पैसे देऊन मॉडेल आणण्याची ऐपत नाही. मग विनामूल्य बसणारी माणसे शोधावीत कोठे?

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांनी १९३० च्या दशकात सर जे. जे. कला विद्यालयात शिकताना वर्गमैत्रिणींनाच कॅमेऱ्यापुढे उभे केले. रेहाना मोगल ही सहाध्यायिनी त्यांच्या त्या काळच्या अनेक चित्रांत दिसते. महिलांच्या सहलीची त्यांची छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापली, तेव्हा प्रत्येक चित्रामागे १ रुपया मिळाला. ओळखीचा चेहरा हेच त्यांचे पहिले भांडवल.

पुतण्यानेही गिरगावातील आमच्या चाळीपासूनच आरंभ केला. सकाळी गॅलरीत तिरपा, मऊ उजेड येतो. त्यात चेहऱ्यावरची रेघ न् रेघ बोलू लागते. पुढे तो दादरच्या फूलबाजारात गेला, लालबागच्या मसाला गल्लीत गेला. गिऱ्हाईक समोर असताना विक्रेत्याला थांबवायचे नाही, एवढे भान व्यापाऱ्याच्या घरातल्या मुलाला शिकवावे लागले नाही.

दुसरे एक मात्र शिकवावे लागले. शेजारच्या वृद्ध आजींचे चित्र अप्रतिम साधले होते. एका परिचिताने ते मागितले, याने कौतुकाच्या भरात दिले. महिन्याभराने आजींचा चेहरा वृद्धाश्रमासाठी देणग्या मागणाऱ्या पत्रकावर झळकला. आजींचे थोरले चिरंजीव ते पत्रक घेऊन आमच्या दारात उभे राहिले. “आमची आई निराधार आहे काय?” एवढेच ते म्हणाले. बाजारात तीन पिढ्यांची पत असलेल्या घराला याहून मोठा घाव कोणता?

पुतण्याने कायदा सांगितला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी मोबदला देऊन काढवून घेतले नसेल तर छायाचित्राचा पहिला हक्क सामान्यतः काढणाऱ्याचाच. मी म्हटले, कायदा तुझ्या बाजूने असेलही. पण अचौर्य अणुव्रताची व्याख्या आठव. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान. आजींनी तुला बसण्याचा वेळ दिला, चेहरा वाटून टाकण्याची अनुज्ञा दिली नव्हती.

तो गेला, पाया पडला, परिचिताकडून उरलेली पत्रके परत आणली. आता त्याच्यापाशी एक लाल वही आहे, पेढीवरच्या खतावणीसारखी. कोण बसले, कोणत्या दिवशी, चित्र कोठे दाखविण्यास संमती, खाली स्वाक्षरी. आणि छापील प्रत पोहोचती केल्याची तारीख. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची स्वाक्षरी. साधू-साध्वीजींचे चित्र त्यांच्या आज्ञेवाचून काढायचेच नाही. प्रत पोहोचविल्याचा रकाना रिकामा असेल तर ते नाव उधारीत धरायचे, हा नियम त्याने स्वतः घातला. माझ्या मते संमतीच्या कागदापेक्षा हाच रकाना मोलाचा, कारण फुकट बसणाऱ्या माणसाचे देणे बहुधा तेथेच बुडते.

गेल्या रविवारी आजी पुन्हा गॅलरीत येऊन बसल्या. स्वाक्षरी आधी केली, मग चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, “मागच्या वेळी तू हा काढायला लावला होतास. या वेळी राहू दे.”