वैद्यकीय प्रवेश : चौकशी कोठे आणि केव्हा?

बारावीची परीक्षा जवळ आली, की वैद्यकीय महाविद्यालयांच्या कचेऱ्यांकडे पालकांची पावले वळू लागतात. निकालापूर्वीच भेटून ठेवावे, मुलाचे नाव कोणाच्या तरी कानावर घालून ठेवावे, अशी त्यामागची समजूत असते. कर्जत-खालापूरसारख्या तालुक्यांत, जेथे अनेक घरांतून पहिलाच मुलगा किंवा मुलगी विज्ञान शाखेकडे वळलेली असते, तेथे ही धडपड अधिकच केविलवाणी होते. कोणीतरी ओळखीचा शोधायचा, मजुरी बुडवून शहर गाठायचे आणि ‘निकालानंतर बघू’ एवढे उत्तर घेऊन परतायचे! या खटाटोपाला आज काही अर्थ उरला आहे काय, याचा विचार केला पाहिजे.

काही देशांत तो आहे. अमेरिकेत प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालय आपले विद्यार्थी स्वतः निवडते. तेथे गुणांबरोबर निबंध आणि मुलाखत यांनाही वजन असते, आणि अनेक महाविद्यालये अर्ज जसजसे येतील तसतसे विचारात घेत असल्याने लवकर हालचाल करणाऱ्याचा फायदा होतो. आपल्याकडे मात्र निवडीचा हा अधिकार महाविद्यालयांकडून काढून घेण्यात आला आहे, आणि त्याला सबळ कारणे घडली आहेत. 1980 नंतरच्या दशकात खासगी महाविद्यालयांचे पेव फुटले आणि देणगी हीच ‘पात्रता’ होऊन बसली. महाराष्ट्राने 1987 साली देणगीबंदीचा कायदा केला. 1992 साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी वसुली घटनाबाह्य ठरविली. तरीही पळवाटा उरल्याच. पुढे 2016 सालच्या न्यायालयीन आदेशानंतर ‘नीट’ ही एकच परीक्षा क्रमाक्रमाने सर्वत्र सक्तीची झाली. आज राज्यातील प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, तर अभिमत विद्यापीठांतील प्रवेश दिल्लीच्या केंद्रीय समितीमार्फत होतात. खासगी महाविद्यालयांतील व्यवस्थापन कोट्यालाही ‘नीट’च्या गुणानुक्रमाचे बंधन आहे. आपली आवड कळविण्याची एकमेव अधिकृत जागा म्हणजे पसंतीक्रमाचा अर्ज होय. आणि तो निकालानंतरच भरावयाचा असतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो. केवळ गुणांवरून चांगला डॉक्टर कसा ओळखणार? मुलाची तळमळ, सेवाभाव यांना काहीच किंमत नाही काय? आक्षेप गैर नाही. परंतु तळमळ मोजण्याचे काम ज्या कचेरीकडे सोपवावे, तेथे तळमळीबरोबर वशिला आणि थैलीही मोजली जाते, हा आपला अनुभव आहे. आदिवासी वाडीतील मुलीच्या तळमळीची शिफारस करायला तेथे कोण जाणार? तिच्या दृष्टीने गुणांची यादी कठोर असली, तरी निदान ती आंधळी आहे.

अर्थशास्त्राचा एक साधा नियम आहे. वस्तू दुर्मिळ आणि माहिती त्याहून दुर्मिळ असली, की दलालाचा धंदा तेजीत येतो. ‘आधी नोंदणी करा, जागा धरून ठेवतो’ असे सांगणारा मध्यस्थ जागा विकत नसतो, कारण ती त्याच्या हाती नसतेच. तो विकतो ती पालकाची धास्ती.

मग लवकर करण्यासारखे काहीच नाही काय? आहे, पण त्याचा पत्ता वेगळा आहे. राखीव जागेवरील हक्क जातवैधता प्रमाणपत्रावर अवलंबून असतो आणि त्यासाठीचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करता येतो. जातीचा दाखला कर्जतच्या प्रांत कचेरीतून मिळतो. अनुसूचित जमातींच्या दाव्यांची पडताळणी मात्र ठाण्याची समिती करते. तेथे 1950 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. आजोबा-पणजोबांचे नाव शाळेच्या जुन्या नोंदवहीत किंवा गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत सापडावे लागते. वीटभट्ट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबाने हा कागद कोठून आणावा? वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर वाट सोपी होते; परंतु जे घर पहिल्यांदाच या वाटेवर आले आहे, त्याच्यापाशी तेही नसते. आगरी-कुणबी कुटुंबांना याखेरीज उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला लागतो आणि त्याची मुदत ठरलेली असते. अधिवासाचा दाखला तर राज्याच्या कोट्यासाठी सर्वांनाच हवा.

अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उदाहरण घ्या. 2021 साली ते 100 जागांनिशी सुरू झाले. अखिल भारतीय कोट्याच्या 15 जागा वजा जाता उरलेल्या 85 पैकी सात टक्के, म्हणजे सहाच्या आसपास जागा अनुसूचित जमातींच्या वाट्याला येतात, आणि त्यांवर साऱ्या राज्याची स्पर्धा असते. पुरेसे गुण मिळवूनही केवळ कागदाअभावी त्यांतील एखादी जागा हातची गेली, तर तो दैवाचा खेळ म्हणता येणार नाही. ती व्यवस्थेची हयगय आहे.

म्हणून कर्जत, नेरळ, खोपोली येथील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीच्या प्रवेशाबरोबरच एका शिक्षकाकडे हे काम सोपवावे. प्रांत कचेरी आणि पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने दरवर्षी दिवाळीपूर्वी दाखल्यांची शिबिरे तालुक्यातच भरवावीत. जिल्हा परिषदेने शाळांतील जीर्ण नोंदवह्या वाळवीच्या तोंडातून सोडवून जपाव्यात, कारण त्या जुनाट पानांवर उद्याच्या डॉक्टरांचे भवितव्य लिहिलेले आहे. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. लागते ती वेळेवर केलेली हालचाल.

पालकांनी महाविद्यालयाच्या दारात उभे राहून जोडे झिजवू नयेत. अकरावीच्या पहिल्या सहामाहीत त्यांनी प्रांत कचेरीची पायरी चढावी. आणि तेथे त्यांना तिसऱ्यांदा ‘उद्या या’ असे सांगितले जाणार नाही, एवढी हमी शासनाने द्यावी.