बियाणे कोणाचे आणि प्रश्न कोणाचा?

'हरितक्रांती' हा शब्द शेतकऱ्याने घडविलेला नाही आणि शास्त्रज्ञानेही नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र मदत खात्याचे तत्कालीन प्रमुख विल्यम गॉड यांनी मार्च १९६८ मध्ये वॉशिंग्टन येथील एका भाषणात तो रूढ केला, आणि तो योजताना त्यामागचा हेतूही झाकून ठेवला नाही. ही रशियासारखी लाल क्रांती नव्हे, इराणच्या शहाची पांढरी क्रांतीही नव्हे, असे त्यांनी बजावले. लाल क्रांतीचे भय समजण्यासारखे होते. परंतु शहाने वरून लादलेल्या क्रांतीत निदान जमीनसुधारणेचे नाव तरी होते. तेही येथे उरले नाही. आशियातील कुळे आणि भूमिहीन जमीन मागत होते. त्यांच्या हाती जमिनीऐवजी बियाण्याची पुडी ठेवण्यात आली.

या पुडीचा इतिहास फिलिपाईन्सइतका स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल. १९६० साली फोर्ड आणि रॉकफेलर या दोन अमेरिकी प्रतिष्ठानांनी तेथील सरकारच्या साहाय्याने लॉस बान्योस येथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी केली. इंडोनेशियातील 'पेटा' आणि तैवानमधील एक बुटका वाण यांच्या संकरातून निघालेला 'आयआर-८' हा वाण १९६६ मध्ये शेतात आला. उंच देशी भात खताची मात्रा वाढली की लोळते. हे बुटके भात खत पचवून ताठ उभे राहते. उत्पादन वाढले, हे खरे आहे. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल, आणि उपाशी माणसाच्या दृष्टीने ते निर्दयपणाचेही होईल. वाद उत्पादनाचा नाही. वाढलेले धान्य कोणाच्या कणगीत गेले आणि वाढलेला खर्च कोणाच्या डोक्यावर बसला, हा वाद आहे.

या वाणाला वेळेवर पाणी हवे, विकतचे खत हवे, विकतचे औषध हवे; म्हणजे आधी रोख पैसा हवा. सप्टेंबर १९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि पुढच्याच महिन्यात जमीनसुधारणेचा हुकूम काढला. तो केवळ कुळांकडे असलेल्या भाताच्या व मक्याच्या जमिनींपुरता होता. उसाचे आणि नारळाचे मळे त्यातून वगळले गेले, जमीनमालकाला सात हेक्टर राखण्याची मुभा मिळाली आणि शेतमजुराचा तर त्यात उल्लेखच नव्हता. १९७३ मध्ये 'मसागाना ९९' ही योजना आली. हेक्टरी ९९ पोती भात हे तिचे उद्दिष्ट आणि विनातारण कर्ज हे तिचे साधन. काही वर्षे भात भरघोस पिकले, देशाने तांदूळ निर्यातही केला. परंतु कर्जाची परतफेड ढासळली, ग्रामीण बँका डबघाईला आल्या आणि कर्ज मिळणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. हेक्टरी किती पिकते, एवढाच प्रश्न हुकूमशहाला पडला होता. पिकविणाऱ्यापाशी किती उरते, हा प्रश्न विचारण्याची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती.

शेताने मात्र आपला जबाब दिला. एकाच तऱ्हेच्या भाताच्या अफाट पट्ट्यांवर तपकिरी तुडतुड्यांची धाड आली. फवारणी वाढली तसे तुडतुड्यांना खाणारे कोळी व इतर कीटक मेले आणि तुडतुडे अधिकच माजले. हे कारण उलगडणाऱ्यांत लॉस बान्योसचे संशोधकही होते, ही नोंद त्यांच्या श्रेयासाठी केलीच पाहिजे. अखेर १९८६ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारला भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. १९८९ पासून तेथे शेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू झाल्या. शत्रुकीटक कोणता, मित्रकीटक कोणता, हे शेतकरी बांधावर बसून मोजू लागले. ज्याला अडाणी म्हणून केवळ सल्ला ऐकविला जात होता, तोच परीक्षक झाला.

भारताची कथा वेगळी नाही. कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक डॉ. रिछारिया यांनी परदेशी बुटक्या वाणांच्या घाईघाईच्या आयातीला विरोध केला आणि त्यांना पद गमवावे लागले. पुढे रायपूरला त्यांनी छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून सुमारे एकोणीस हजार देशी वाणांचा संग्रह केला. तेथील त्यांची संस्थाही बंद करण्यात आली. २००२ मध्ये हाच ठेवा सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीसाठी खुला करण्याचा करार रायपूरच्या कृषी विद्यापीठाने पुढे आणला. शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर उतरले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. जे वाण मागासलेले म्हणून हिणविले गेले होते, ते कंपनीला मात्र मोलाचे वाटले!

विज्ञानात राजकारण आणू नये, असा उपदेश यावर केला जातो. परंतु पैसा कोणी द्यायचा, कोणत्या पिकावर काम करायचे, यश कशाने मोजायचे हे ठरते तेव्हाच राजकारण प्रयोगशाळेत शिरलेले असते. 'सोनेरी तांदूळ' हे त्याचे ताजे उदाहरण. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने मुले आंधळी होतात, म्हणून जनुके बदलून ते तांदळातच घालायचे. त्या मुलाच्या ताटात भाताखेरीज दुसरे काही का नाही, भाजी आणि तेल कोठे गेले, हे विचारायचे नाही. फिलिपाईन्सने २०२१ मध्ये या तांदळाच्या लागवडीला परवानगी दिली. शेतकरी व शास्त्रज्ञ यांनी १९८० च्या दशकात एकत्र येऊन उभारलेली 'मासिपाग' ही संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. हीच संघटना शेतकऱ्यांच्या हातून देशी वाण जतन करते आणि शेतातच नवे वाण निवडते. विज्ञानाला तिचा विरोध नाही. तिचा विरोध आहे तो विज्ञानाच्या मक्तेदारीला.

म्हणून समाजवादी चळवळीने संशोधन हा तज्ज्ञांचा विषय म्हणून सोडून देता कामा नये. जमीन कसणाऱ्याकडे नसेल तर उत्तम बियाणेही सावकाराचेच पीक वाढविते. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे जनतेच्या पैशावर चालतात, आणि राज्याच्या शेतीचा फार मोठा भाग आजही पावसावर अवलंबून आहे. कोरडवाहू शेतकरी, भाताची लावणी करणारी मजूर स्त्री आणि भूमिहीन यांना या विद्यापीठांचे संशोधनाचे विषय ठरविण्याच्या बैठकीत जागा मिळाली पाहिजे. सार्वजनिक पैशातून निघालेले बियाणे सार्वजनिक मालकीचेच राहिले पाहिजे. कार्यकर्त्यांनी या विद्यापीठांच्या दारात जाऊन एकच प्रश्न विचारावा: येथे ज्या प्रश्नांची उत्तरे शोधली जात आहेत, ते प्रश्न विचारले कोणी?