लोमनांच्या घरातली माणसं

आर्थर मिलरचं ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ १९४९ साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आलं. त्यातला सेल्समन विली लोमन सगळ्यांना आठवतो; आम्हाला त्याच्या घरातली माणसं जास्त छळतात. लिंडा नवऱ्याच्या थापा ओळखूनही हप्त्यांचा हिशेब सांभाळते. घराचा शेवटचा हप्ता ती फेडते तो नेमका त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी. थोरल्या बिफला मोकळ्या रानात अंगमेहनत करायचीय, बापाला मात्र पोरगा ‘मोठा’ झालेला हवा. धाकटा हॅपी बापाचीच री ओढतो. त्याच्याकडे कुणी बघतही नाही. (आमच्या मते खरी शोकांतिका त्याची!)

जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ नाटकातला एक मुलगा अमेरिकेत, आईबाप इथे. मिलरकडे सगळे एकाच छपराखाली, तरी बोलणं नाही. हे शहापूर-मुरबाडला परकं नाही. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून आमण्यापर्यंत खुला झाला. रस्त्यासोबत जमिनीचा भाव आणि बापांची स्वप्नंही वाढली. आसनगावहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या एखाद्या पोराला भातशेतीच करायची असेल, तर ते ऐकून घेणार कोण? आणि जमीन विकायचं ठरताना आपल्याकडच्या लिंडांना कुणी विचारतं का?