स्वस्त चारा, महाग कालवड

भिलाई-दुर्ग हा परिसर भाताच्या मुलखात वसलेला आहे. १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. पुढे कामगार-वसाहती वाढल्या आणि घरोघरी दूध लागू लागले. अशा शहराभोवतीच्या दुग्धव्यवसायात दुधाला रोख गिऱ्हाईक असते. वासराच्या वाट्याला मात्र बहुधा उरलेसुरलेच येते. हे उरलेसुरले म्हणजे शेतीची दुय्यम उत्पादने : भाताचे तणस (छत्तीसगढीत पैरा), गिरणीतील कोंडा, तूर-हरभऱ्याची चुनी, जवस व सोयाबीनची पेंड. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या धानपट्ट्यातही चित्र याहून निराळे नाही.

ही उत्पादने जनावरांच्या उपयोगी आणावीत, याविषयी दुमत नाही. शेतात तणस जाळण्यापेक्षा ते गोठ्यात जाणे केव्हाही श्रेयस्कर. प्रश्न आहे तो ते कोणत्या वयाच्या जनावरापुढे ठेवावे, हा. वासरू म्हणजे लहान आकाराची गाय नव्हे. जन्मतः त्याचे पहिले पोट, म्हणजे कोटीपोट, अविकसित असते. त्याच्या अस्तराची वाढ खुराकाच्या किण्वनातून निर्माण होणाऱ्या आम्लांमुळे होते; नुसत्या तणसाने होत नाही. केवळ तणसावर ठेवलेल्या वासराचे पोट सुटते, अंग मात्र भरत नाही. सुटलेले पोट पाहून वासरू पोसल्यासारखे वाटते. खरे तर ते कुपोषणाचे लक्षण असते.

याला कारण तणसाची घडण. त्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के, सिलिकाचे प्रमाण अधिक आणि ऑक्झलेटमुळे कॅल्शियमचे शोषण कमी. १०० किलो तणसावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा व ते २१ दिवस हवाबंद ठेवावे, म्हणजे त्याची पचनीयता वाढते. परंतु असे तणस सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये.

कोंड्याची गोष्ट वेगळी. स्वच्छ कोंड्यात १२ टक्क्यांच्या आसपास प्रथिने व भरपूर स्निग्धांश असतो. मात्र जुन्या हलर गिरणीच्या कोंड्यात तूस मिसळलेले असते आणि तुसाला पोषणमूल्य जवळजवळ नाही. ताजा कोंडा काही दिवसांतच खवट होतो. शिवाय त्यात फॉस्फरस फार व कॅल्शियम अत्यल्प असल्याने केवळ कोंड्यावर वाढविलेल्या वासरांची हाडे कमकुवत राहतात आणि नर वासरांत मूतखड्याचा धोका संभवतो. लाखोळीच्या दाण्यात मज्जासंस्थेला बाधक द्रव्य असते, तर सरकी पेंडेतील गॉसिपॉल निष्प्रभ करण्याची क्षमता कोवळ्या कोटीपोटात नसते. म्हणून लाखोळीची चुनी व सरकी पेंड लहान वासरांपासून दूरच ठेवावी. बुरशी आलेली कोणतीही पेंड वासराला देऊ नये.

यावरून दुय्यम उत्पादने त्याज्य ठरत नाहीत. त्यांचा क्रम ठरतो. जन्मानंतर पहिल्या दोन तासांत चीक, दिवसभरात वजनाच्या सुमारे एकदशांश. दुसऱ्या आठवड्यापासून चिमूटभर खुराकाची सवय. मका ४५, सोयाबीन पेंड ३२, स्वच्छ ताजा कोंडा २०, खनिज मिश्रण २ व मीठ १ किलो, असे १०० किलो मिश्रण घरीही तयार करता येते. त्यात सुमारे २० टक्के प्रथिने मिळतात. सोबत कोवळा हिरवा चारा व स्वच्छ पाणी हवे. सहा महिन्यांनंतर कोंडा आणि तूर-हरभऱ्याच्या चुनीचे प्रमाण वाढवावे. तणसाचा मोठा वाटा त्याहीनंतरचा.

खर्चाचा हिशोबही याच दिशेने जातो. संकरित कालवड साधारणपणे २५० किलो वजनाच्या सुमारास गाभण राहण्यास योग्य होते. जन्मवजन २५ किलो धरल्यास २२५ किलोंची वाढ हवी. रोज ५०० ग्रॅम वाढणारी कालवड हे वजन ४५० दिवसांत गाठते; रोज ३०० ग्रॅम वाढणारीला ७५० दिवस लागतात. हे दहा महिने पशुपालक चारा, जागा व श्रम पुरवितो आणि दूध मात्र मिळत नाही. किलोमागे वाचलेले काही रुपये या विलंबात कितीतरी पटींनी खर्ची पडतात. स्वस्त चारा म्हणून मिरविला जाणारा आहार अशा रीतीने कालवड महाग करतो.

विस्तारकार्याचा रोखही म्हणूनच बदलला पाहिजे. किती गावांत तणस-प्रक्रियेची प्रात्यक्षिके झाली, ही मोजदाद पुरेशी नाही. त्या गावांतील वासरे महिन्याला किती वाढली, हे नोंदविणे अधिक मोलाचे. त्यासाठी वजनकाट्याचीही गरज नाही. छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही मापे इंचांत, भागिले ६६० : इतक्या गणितात अंदाजे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. दर महिन्याला हीच मापे घेऊन गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवली, तर कोणता आहार स्वस्त आणि कोणता महाग, याचा निर्णय वासरूच देईल.