संदर्भांची संख्या आणि तुरीच्या शेंगेतील अळी

नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवरील या आदिवासी तालुक्यातील शेतकऱ्याच्या कष्टाची ती उचित दखल होय. परंतु शेंगेला छिद्र पाडून आतील कोवळे दाणे फस्त करणाऱ्या अळीला मानांकनाची मातबरी नसते. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा हे तिचे शास्त्रीय नाव. हरभऱ्यावर ती घाटेअळी म्हणून, कपाशीवर अमेरिकन बोंडअळी म्हणून आणि तुरीवर शेंगा पोखरणारी अळी म्हणून ओळखली जाते. इतकी भिन्न पिके ही एकच अळी कशी पचविते, हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे, तसाच तो कीटकशरीरशास्त्राचाही आहे.

या प्रश्नाचा मूलगामी शोध महाराष्ट्रातच घेतला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. प्रभाकर रांजेकर, डॉ. विद्या गुप्ता, डॉ. अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अळीच्या आतड्यातील प्रथिने पचविणाऱ्या विकरांचा दीर्घकाळ अभ्यास केला. वनस्पती आपल्या बियांत या विकरांना निष्प्रभ करणारी रोधक प्रथिने साठवून ठेवतात. ही त्यांची निसर्गदत्त ढाल होय. हरभऱ्याची ढाल अळीची विकरेच मोडून काढू शकतात, हे या गटाने १९९८ साली दाखविले. पुढच्याच वर्षी हरभरा, तूर व कपाशी या अळीच्या नेहमीच्या पिकांतील रोधकांची तुलना भुईमूग, बटाटा व चौधारी घेवडा यांच्या रोधकांशी करण्यात आली. जी वनस्पती अळीच्या सवयीची नाही, तिचे रोधक अधिक प्रभावी ठरतात, असे दिसून आले. २००१ सालच्या निबंधाने या विकरांतील विविधता आणि अन्नानुसार बदलण्याची त्यांची क्षमता उलगडून दाखविली. अळीच्या सर्वभक्षकतेचे रहस्य तेथे आहे. २००५ साली मिरचीवर्गीय वनस्पतीतील रोधकांचा या अळीवरील परिणामही प्रसिद्ध झाला. तूर आणि मिरची ही नंदुरबार जिल्ह्याची दोन्ही पिके अशा रीतीने पुण्याच्या प्रयोगशाळेत एकमेकांसमोर आली.

अशा संशोधनाचे मोल कसे ठरवावयाचे? आज त्याचे सर्वांत सोयीचे उत्तर म्हणजे संदर्भनिर्देशांची संख्या. एका संशोधकाचा निबंध इतर किती संशोधकांनी आपल्या लेखनात उल्लेखिला, याची ही मोजदाद. युजीन गारफील्ड यांनी ही कल्पना १९५५ साली मांडली, ती विज्ञानवाङ्मयातील वाट शोधण्याचे साधन म्हणून. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी संशोधकाची सारी कारकीर्द एका आकड्यात बसविणारा एच-निर्देशांक सुचविला. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस निर्देश मिळाले, त्याचा निर्देशांक वीस. गारफील्ड यांनी वाटाड्या म्हणून दिलेले साधन पाहता पाहता न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसले.

या मापाला अर्थच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जगाच्या कानाकोपऱ्यातील समव्यावसायिक ज्या कामाचा आधार घेतात, ते काम सहसा पोकळ नसते. वशिल्यापेक्षा आकडा बरा, हेही खरे. परंतु हा आकडा शास्त्रज्ञांच्या आपसांतील संवादाचा आहे. सत्याची खोली त्यातून कळत नाही, आणि समाजाला झालेला लाभ तर त्याच्या कक्षेतच येत नाही. पोलंडच्या स्टेफान कोपेच यांनी १९१७ व १९२२ साली पतंगाच्या अळीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. अळीचा मेंदू वेळेपूर्वी काढला तर तिला कोशावस्था येत नाही, म्हणजेच मेंदूतून काही द्रव्य स्रवत असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याकडे दीर्घकाळ फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे विगल्सवर्थ प्रभृतींच्या कार्याने कीटकांच्या संप्रेरकांचे शास्त्र उभे राहिले, तेव्हा कोपेच यांचे महत्त्व उमगले. १९४१ साली नाझींनी त्यांना गोळ्या घातल्या. त्या प्रयोगांचे मोल ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या पाच वर्षांतील निर्देशांवरून ठरविले असते, तर काय हाती लागले असते?

आकड्याच्या या राज्याची झळ सर्वाधिक लागते ती ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकाला. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमणूक व पदोन्नती यांसाठी गुणांकाची पद्धत आणली. त्यानंतर निबंध लिहिण्यापेक्षा तो छापून आणणे महत्त्वाचे झाले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक माजले. त्याला आळा घालण्यासाठी २०१९ साली मान्य नियतकालिकांची सूची आली आणि २०२५ साली ती सूचीही मोडीत निघाली. नियम बदलले, तरी मोजण्याची हाव कायम राहिली. वर्गात मन लावून शिकविणारा, विद्यार्थ्यांना शिवारात नेऊन कीटकाचे जीवनचक्र दाखविणारा प्राध्यापक या हिशोबात शून्यवत ठरतो. ही केवळ त्या व्यक्तीची उपेक्षा नव्हे, तिच्यामुळे उद्याचा संशोधक अंकुरण्यापूर्वीच खुडला जातो.

दुसरी बाजूही स्पष्टपणे मांडली पाहिजे. पुण्याच्या या संशोधनाला विद्वत्जगतात स्थान मिळाले, परंतु असे रोधक धारण करणारे तुरीचे जनुकांतरित वाण भारतात पेरणीसाठी मान्य झालेले नाही. हा दोष संशोधकांचा नव्हे. प्रयोगशाळा आणि बांध यांच्यामधील वाट चाचण्यांची, परवानग्यांची, खर्चाची व सार्वजनिक विश्वासाची आहे. शिवाय अळी शरीराने लवचीक आहे, तेव्हा एकाच ढालीवर विसंबणे घातक, ही शिकवण याच अभ्यासाने दिली. २००२ साली मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीवर पुढे गुलाबी बोंडअळीने मात केली आणि २०१७ साली महाराष्ट्रातील कापूस उत्पादकाला त्याची किंमत मोजावी लागली. हा धडा आता विसरून चालणार नाही.

तेव्हा संशोधकाची कारकीर्द तोलताना पारड्यात आणखी काही घातले पाहिजे. त्याने किती विद्यार्थी घडविले? त्याचा निष्कर्ष इतरांच्या हातीही तसाच आला काय? आणि ते ज्ञान शेतकऱ्याच्या भाषेत कोणी पोचविले काय? संख्येऐवजी प्रत्यक्ष कार्य वाचून निर्णय घ्यावा, असा आग्रह २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादक व संशोधकांनीही धरला. तुरीवर अंडी कोणत्या आठवड्यात दिसली, अळ्या किती, पक्ष्यांनी किती टिपल्या, ही साधी नोंद नवापूर परिसरातील विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे ठेवली, कृषी विद्यापीठाने ती वापरली आणि अध्यापकाच्या मूल्यमापनात तिला गुण मिळाले, तर अशा नोंदवहीला कदाचित एकही संदर्भनिर्देश लाभणार नाही. फवारणी केव्हा करावी आणि केव्हा टाळावी, हे मात्र शेतकऱ्याला तिच्यातून कळेल. विज्ञानाच्या जमाखर्चात ही बाब जमेच्या बाजूला मांडण्याचे धैर्य विद्यापीठांनी दाखविले पाहिजे.