दुसऱ्याचा चेंडू

बेसबॉल हा खेळ मला कळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. गेल्या उन्हाळ्यात नातवाच्या खांद्याने घात केला नसता, तर मी त्या वाटेला गेलोही नसतो. नातू बारा वर्षांचा. वेगवान गोलंदाजीचे वेड. सुट्टीतल्या शिबिरात सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास आणि रविवारी सामना. एके दिवशी त्याला घास तोंडाशी नेता येईना, तेव्हा सूनबाईंच्या लक्षात आले. दुखणे पंधरा दिवसांचे होते. "सर टीममधून काढतील" म्हणून पठ्ठ्या बोलला नव्हता.

डॉक्टरांनी तीन महिने चेंडूला हात लावू नकोस, असे बजावले. मी शिबिराच्या सरांना भेटलो. "दिवसाला किती चेंडू टाकत होता हा?" सरांना सांगता आले नाही. माणूस वाईट नव्हता, मुलांवर जीव होता त्याचा. पण उभा जन्म बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्याला हे उत्तर पचेना. कॅश किती आली, किती गेली, याची नोंदच नाही!

घरी बसलेल्या नातवाची समजूत काढता काढता आम्ही दोघांनी 'मिलियन डॉलर आर्म' हा २०१४ चा चित्रपट पाहिला. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन भालाफेकपटू पोरे. बेसबॉल म्हणजे काय हे ठाऊक नसताना २००८ साली एका स्पर्धेतून निवडली गेली आणि थेट लॉस एंजेलिसला पोहोचली. तिथे त्यांना शिकवणारे गृहस्थ टॉम हाऊस हे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाचे पिचिंग कोच होते. चित्रपट नातवाला आवडला. मला मात्र ते हाऊस सोडवेनात. मग त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत सुटलो.

आपल्याकडे गोलंदाज धावत येऊन, कोपर न वाकवता चेंडू टाकतो. तिकडे पिचर जागेवर उभा राहून, साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाकडे अक्षरशः चेंडू फेकतो. एका सामन्यात कधी कधी शंभर वेळा. त्या झटक्याने कोपराच्या आतला अस्थिबंध तुटतो. १९७४ साली फ्रँक जोब नावाच्या शल्यविशारदाने टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हाताचा स्नायुबंध काढून तिथे बसवला. तेव्हापासून ती शस्त्रक्रिया त्या रुग्णाच्याच नावाने ओळखली जाते. आज ती कॉलेजातच काय, शाळेतल्या मुलांवरही होते.

हाऊस स्वतः डावखुरे पिचर. १९७१ ते १९७८ या काळात ते वरच्या पातळीवर खेळले, पण नाव झाले ते एका झेलामुळे. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात हँक आरन यांनी बेब रूथचा विक्रम मोडणारा ७१५ वा होम रन मारला. चेंडू कुंपणापलीकडे जाऊन पडला तो राखीव पिचर हात मोकळे करतात त्या जागेत. तिथे हाऊस होते. त्यांनी तो झेलला. त्या चेंडूचे मोल काय आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. हाऊस तडक धावत सुटले आणि त्यांनी तो आरन यांच्या हातात नेऊन दिला. मला वाटते, त्यांची पुढची सगळी नोकरी या धावण्यातच आली. दुसऱ्याची ठेव सांभाळायची आणि ज्याची त्याला परत करायची.

खेळणे संपल्यावर हा माणूस शिकत राहिला. मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९८५ पासून १९९२ पर्यंत टेक्सास रेंजर्सचा पिचिंग कोच असताना त्याने पिचरांच्या हातात अमेरिकन फुटबॉल, म्हणजे तो लांबगोल चेंडू, दिला आणि फेकायला लावला. लोकांनी टिंगल केली. पण तर्क साधा होता. हात चुकीचा वळला तर तो चेंडू हवेत गिरकी न घेता डगमगतो आणि चूक फेकणाऱ्यालाच दिसते. कोचला ओरडावे लागत नाही. १९८९ मध्ये बेचाळिशीतला नोलन रायन त्या संघात आला. या वयात आपण कर्जाचे हप्ते मोजतो! रायनने १९९१ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता सामना जिंकला. कारकिर्दीतला असा सातवा. श्रेय रायनचे आणि त्याच्या मेहनतीचे, यात वाद नाही. पण त्याच्याजवळ हाऊस होते, हेही विसरता येत नाही.

हा माणूस धुतल्या तांदळासारखा नव्हे. खेळताना आपण स्टेरॉइड्स घेतली होती, हे २००५ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर सांगितले. आपण पूर्वी शिकवलेले काही चुकीचे होते, हेही वेगवान कॅमेऱ्यांनी फेकीचे बारकावे दाखवल्यावर त्यांनी मान्य केले. कोचच्या तोंडून "मी चुकीचे शिकवले" हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे? मास्तरांच्या तोंडून? (बँक मॅनेजरांविषयी बोलत नाही, त्या जमातीत मीही होतो.)

आणि तरीही हमी कसलीच नसते. रिंकू आणि दिनेश यांच्याशी पिट्सबर्ग पायरेट्सने २००८ च्या नोव्हेंबरात करार केला, ही बातमी आपल्याकडेही गाजली. दिनेश २०१० मध्ये परत आला. रिंकू खालच्या पातळीवरच्या संघांतून काही वर्षे खेळला. २०१३ चा मोसम कोपराच्या त्याच शस्त्रक्रियेत गेला, आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. सर्वोच्च पातळीवर दोघेही पोहोचले नाहीत. एवढा जाणता कोच लाभूनही हात मोडतो, तर मग न मोजणाऱ्याच्या हाताखाली काय होत असेल?

कॉलेजच्या कोचची पंचाईत खरी आहे. मुलगा त्याच्याकडे तीन-चार वर्षे असतो, नोकरी मात्र या वर्षीच्या निकालावर टिकते. २००९ च्या मे महिन्यात टेक्सास आणि बोस्टन कॉलेज यांचा सामना पंचवीस इनिंग चालला. टेक्सासच्या एका पिचरने त्यात तेरा इनिंग, १६९ चेंडू टाकले, तेही आदल्या दिवशी खेळलेला असताना. संघ जिंकला. त्याचे कौतुक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्याला थांबवणे हे ज्यांचे काम होते, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे. तिथे आता लहान मुलांसाठी मर्यादा ठरवून दिल्या आहेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ८५ पेक्षा जास्त चेंडू फेकू नयेत आणि फेकले तितक्या हिशेबाने विश्रांती घ्यावी. कॉलेजसाठी मात्र अशी सक्ती नाही. तिथे सारी भिस्त कोचच्या विवेकावर.

आपल्या गल्लोगल्लीच्या शिबिरांत तर विवेकाचाही हिशेब नाही. फी भरताना आपण पावती मागतो, मैदान कसे आहे पाहतो, सरांनी किती चषक जिंकले ते विचारतो. मुलाच्या नावाची एक वही ठेवा, रोज टाकलेले चेंडू त्यात लिहा, एवढे सांगायला काय हरकत आहे? पेन्सिल आणि दोन रुपयांचा कागद लागतो. आणि मुलगा "दुखतंय" म्हणाला तर त्याची जागा जाणार नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगायला हवे. आमच्या घरी पंधरा दिवस गेले ते याच भीतीत.

नातवाला गेल्या महिन्यापासून परवानगी मिळाली आहे. वही मी ठेवतो. जुन्या सवयीने तारीख, चेंडू, शिल्लक असे तीन रकाने आखले आहेत. काल तिसाव्या चेंडूला मी हात वर केला.

"आजोबा, फक्त एक ओव्हर!"

मी वही मिटली. तो पाय आपटत झाडाखाली जाऊन बसला आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.